‘स्वतंत्र’ आणि ‘स्वलिखित’

कथास्पर्धेच्या नियमपत्रकात एक ओळ ठरलेली असते : ‘कथा स्वतंत्र, स्वलिखित व अप्रकाशित असावी.’ गेली बरीच वर्षं मी अशा स्पर्धांच्या कथा तपासते आहे. ही ओळ इतक्यांदा नजरेखालून गेली, पण तिच्यातले पहिले दोन शब्द दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते एका महाविद्यालयीन स्पर्धेच्या निकालाच्या बैठकीत आलं. एका विद्यार्थिनीची कथा आम्हा तिघांपैकी दोघांनी पहिल्या तीनांत धरली होती आणि तरी ती बाद झाली. कारण कथेतली बाई होती पेटुनिया डर्स्ली, म्हणजे हॅरी पॉटरची मावशी.

मूळ कादंबरीत रात्री कुणीतरी बाळ पेटुनियाच्या दारात ठेवून जातं. सकाळी दुधाच्या बाटल्या बाहेर ठेवायला ती दार उघडते आणि किंचाळते. रोलिंगबाई ती किंचाळी एका वाक्यात उरकतात, आणि पुढचं प्रकरण उघडतं तेव्हा दहा वर्षं उलटून गेलेली असतात. या मुलीची कथा त्या किंचाळीपाशी सुरू होते आणि अर्ध्या तासात संपते. बाळासोबतच्या पत्रातून बहीण गेल्याचं कळतं. आपल्याला बहीण आहे हे तर शेजारीपाजारी कुणाला सांगितलेलंच नाही. मग रडायचं कुणापुढे? लहानपणी बहिणीला जादूच्या शाळेत घेतलं तेव्हा ‘मलाही घ्या’ असं पेटुनियानं त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहिलं होतं आणि नकार आला होता. हा तपशील मूळ मालिकेच्या शेवटच्या भागात ओझरता येतो. मुलीनं तो उचलून मध्यभागी ठेवला आणि कथेला नाव दिलं, ‘माय मरो, मावशी उरो’. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे. मावशी म्हटलं की आपल्याला जी ऊब आठवते, ती जिच्यापाशी नाही अशा मावशीची ही कथा फक्त आपल्याच भाषेत सुचू शकते. आमच्या तिसऱ्या सहकाऱ्यांनी नियमावर बोट ठेवलं. पात्रं स्वतःची नाहीत, तेव्हा कथा स्वतंत्र नाही. नियम तसा होता, आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची टोचणी अजून आहे.

त्यानंतर हा विषय जिथे जिथे निघाला तिथे वाद दोनच वाटांनी गेला, आणि मला दोन्ही वाटा चुकीच्या वाटतात. एक पक्ष म्हणतो, फॅनफिक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, ही निव्वळ उसनवारी, पोरखेळ. त्याला लेखन कशाला म्हणायचं? दुसरा पक्ष उसळून म्हणतो, मग कालिदासही फॅनफिक्शनच लिहीत होता, एकनाथही आणि खांडेकरही. हे दुसरं उत्तर ऐकायला झणझणीत आहे, पण त्यानं काहीच सिद्ध होत नाही. सगळंच फॅनफिक्शन असेल तर त्या शब्दाला अर्थ काय राहिला? आणि कालिदास थोर होता म्हणून त्या मुलीची कथा चांगली ठरते का? माझं म्हणणं साधं आहे. आवडत्या कादंबरीतली वा मालिकेतली पात्रं घेऊन वाचकानं लिहिलेली कथा हे खरं लेखन आहे, पूर्ण अर्थानं आहे. ते चांगलं की वाईट, हे इतर कुठल्याही लेखनासारखंच वाक्यावाक्यानं ठरवावं लागेल. पात्र कुणाच्या मालकीचं यावरून ते ठरत नाही.

कालिदासाकडून घ्यायचं ते एवढंच, की पात्र उसनं असणं हा लेखनातला दोष नव्हे. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा दुष्यंताला सगळं आठवत असतं. लोक काय म्हणतील म्हणून तो तिला ओळख देत नाही, आणि आकाशवाणी झाल्यावर तसं कबूलही करतो. तिथे अंगठी नाही, दुर्वासाचा शाप नाही. कालिदासानं ही दोन्ही घातली आणि भित्र्या राजाच्या गोष्टीची विस्मृतीची गोष्ट झाली. हा बदल कुणाला पटो न पटो (मला स्वतःला आदिपर्वातली फणकारून बोलणारी शकुंतलाच जवळची वाटते), पण तो बदल म्हणजेच कालिदासाचं लेखन आहे. १९५९च्या ‘ययाति’त खांडेकरांनी महाभारतात केव्हाच निघून गेलेल्या कचाला परत आणलं आणि भोगाच्या गोष्टीला तोलून धरणारं माणूस उभं केलं. पुढे १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा ‘ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा ही पात्रं खांडेकरांची स्वतःची नाहीत’ असा आक्षेप कुणाच्या मनातही आला नसेल.

इथे समोरचा पक्ष आपला सगळ्यात भक्कम मुद्दा काढतो आणि तो ऐकायला हवा. महाभारत सगळ्यांचं आहे. ते गावच्या पाणवठ्यासारखं आहे, कुणीही घागर बुडवावी. हॅरी पॉटर हा शेजारच्या अंगणातला आड आहे. तो एका जिवंत बाईनं खणला. तिला न विचारता पाणी शेंदायचं आणि वर ते माझं म्हणायचं? जॉर्ज आर. आर. मार्टिन, अ‍ॅन राइस अशा लेखकांनी आपल्या पात्रांवर इतरांनी लिहू नये असं उघड सांगितलं आहे. त्यांचं दुखणं मला कळतं. वीस वर्षं ज्या माणसांसोबत डोक्यात संसार केला, त्यांना परक्या हातांनी हवं तसं नाचवलेलं बघणं सोपं नसणार. या भावनेला हसणाऱ्या फॅनफिक्शनवाल्यांशी माझं जमत नाही.

पण हा मुद्दा नीट पाहिला तर तो हक्काचा आहे, लेखनाचा नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं रूपांतराचा हक्क मूळ लेखकाला दिला आहे आणि तो त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. ही मुदत निधनानंतरच्या वर्षारंभापासून मोजली जाते. म्हणजे एखाद्या लेखकाच्या पात्रावर कुणी ३१ डिसेंबरला कथा लिहिली तर ते लेखन नव्हे, आणि तीच कथा १ जानेवारीला लिहिली तर लेखन? रात्रीत त्या कथेतला एक काना-मात्राही बदललेला नसतो. काय छापायचं, काय विकायचं, कुणाची परवानगी घ्यायची हे कायद्यानं जरूर ठरवावं. एखादं वाक्य जिवंत आहे की मेलेलं, हे मात्र त्याला ठरवता येत नाही, आणि तो तसा दावाही करत नाही.

याचा उलटा पुरावा तर आपल्या डोळ्यांदेखत घडला. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही कादंबरी आधी ‘ट्वायलाइट’ या कादंबरीमालेची फॅनफिक्शन होती. लेखिकेनं नायक-नायिकेची नावं बदलली, मजकूर जुळवून घेतला आणि २०११ साली ती स्वतंत्र कादंबरी म्हणून बाजारात आली. नावं बदलण्याआधी ते लेखन नव्हतं आणि नावं बदलल्यावर झालं, असं म्हणायची कुणाची तयारी आहे? माझ्या मते ती कादंबरी दोन्ही रूपांत सुमारच आहे. पण ज्या कसोटीवर ती पास होते आणि पेटुनियाची कथा नापास होते, ती कसोटी साहित्याची कशी म्हणायची?

मूळ लेखकावर अन्याय होतो तो केव्हा, याचंही जुनं उदाहरण आहे. स्पॅनिश लेखक सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला. दुसरा भाग तो लिहीत असतानाच १६१४ साली आवेयानेदा या टोपणनावाच्या कुणीतरी स्वतःच दुसरा भाग छापून टाकला आणि प्रस्तावनेत सर्वांतेसच्या म्हातारपणाची हेटाळणीही केली. सर्वांतेस चिडला, दुखावला, आणि १६१५ साली त्यानं आपला खरा दुसरा भाग आणला. त्यात किहोतेच्या कानावर येतं की आपल्या नावाचा कुणी तोतया पुस्तकात फिरतो आहे आणि तो सारागोसाला जाऊन आला. मग हा खरा किहोते सारागोसाची वाट सोडतो आणि बार्सिलोनाला जातो. सर्वांतेसचा राग मला रास्त वाटतो, कारण आवेयानेदानं त्याच्या दुकानाशेजारी त्याच्याच नावाची पाटी लावून दुकान थाटलं होतं. फॅनफिक्शनची रीत याच्या बरोबर उलटी आहे. तिथे कथेच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं, की पात्रं माझी नाहीत, अमक्याची आहेत, मी पैसे घेत नाही. रोलिंगबाईंनी पैशाविना केलेल्या अशा लेखनाला सहसा हरकत घेतलेली नाही. आणि शेरलॉक होम्सवर नाटक लिहिणाऱ्या विल्यम जिलेटनं ‘होम्सचं लग्न लावू का’ असं विचारलं तेव्हा कॉनन डॉयलनं कळवलं होतं, की लग्न लावा, खून करा, हवं ते करा.

एका प्रकाराचं समर्थन मात्र मी करणार नाही. जिवंत नटनट्यांच्या, गायकांच्या खासगी आयुष्याबद्दल, विशेषतः त्यांच्या शरीरसंबंधांबद्दल रचलेल्या कथा. तिथे पात्र उसनं नसतं, माणूस उसना असतो, आणि माणसाला नकार द्यायचा हक्क आहे.

आता दुसरा आक्षेप, जो मला पहिल्यापेक्षा जास्त छळतो. फॅनफिक्शन लिहिणाऱ्याला आयतं प्रेम मिळतं. पेटुनिया कोण, हॅरी कोण, हे वाचकाला आधीच ठाऊक आणि प्रिय आहे. माणूस शून्यातून उभा करणं, अनोळखी वाचकाला त्याच्यात गुंतवणं हे कथाकाराचं सगळ्यात कष्टाचं काम. ते दुसऱ्यानं करून ठेवलंय. हे खरं आहे. अशा असंख्य कथा आहेत ज्यांतून पात्रांची नावं काढली तर मागे काहीच उरत नाही, आणि नावाच्या जोरावर डोळ्यांत पाणी आणणं ही लबाडीच आहे.

पण आयतं मिळतं ते प्रेम एकटं येत नाही. सोबत पहारेकरी येतो. कीर्तनाला बसलेल्या माणसांना उत्तररंगातलं आख्यान पाठ असतं. हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे पुढच्या रांगेतल्या आजीला बुवांपेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून बुवांचं काम सोपं झालं का? उलट, गोष्टीच्या उत्सुकतेवर त्यांना एक पैसाही मिळत नाही. जे मिळवायचं ते सांगण्यावर. आणि तारामती एक वाक्य जरी तिच्या स्वभावाबाहेरचं बोलली तर तीच आजी मान हलवते. फॅनफिक्शन वाचणाऱ्या मुली एकमेकींना नेमकं हेच सांगत असतात : ‘ही असं बोलणार नाही गं.’ पात्राच्या बोलण्याची एवढी कडक तपासणी आमच्या स्पर्धांत येणाऱ्या किती ‘स्वतंत्र’ कथांची होते? तिथे खेड्यातला म्हातारा पुणेरी निबंधासारखा बोलतो आणि आम्ही परीक्षक ते चालवून घेतो.

ठाऊक गोष्ट पुन्हा सांगताना लेखकाच्या अंगात काय आहे ते उघडं पडतं, हे मोरोपंतांइतकं कुणाला कळलं असेल? त्यांच्या नावावर एकशेआठ रामायणं सांगतात. त्यांतलं ‘निरोष्ठ रामायण’ ओठ न मिटता म्हणायचं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. ज्याच्यावर काव्य लिहायचं त्या रामाचं नावच त्यात घेता येत नाही! गोष्ट वाल्मीकीची, अडचण मात्र मोरोपंतांनी स्वतःवर लादलेली, आणि ती ओलांडण्यातली सगळी करामत त्यांची. ही करामत अनेकांना कोरडी वाटते आणि तसं वाटायला जागा आहे. ज्यांना हृदयाला हात घालणारं उदाहरण हवं त्यांनी भासाचं ‘ऊरुभंग’ पाहावं. मांड्या फुटलेला दुर्योधन पडला आहे आणि त्याचा लहानगा मुलगा दुर्जय येऊन मांडीवर बसायचा हट्ट धरतो. भासाला दुर्योधन उभा करावा लागला नाही. गदायुद्ध, भीमाची प्रतिज्ञा, द्रौपदीला दाखवलेली तीच मांडी, हे सगळं प्रेक्षक घरून घेऊनच आले होते. भासानं त्या ओळखीच्या मांडीवर एक पोर बसवू पाहिलं, बस्स. हे आयतं आहे?

त्यावर असंही म्हणतात, की खरी कलाकृती आधाराविना उभी राहते, आणि फॅनफिक्शन मूळ न वाचलेल्याला कळत नाही. ही कसोटी लावली तर आपल्या गवळणींचं काय करायचं? गवळणीत कृष्ण कोण हे कुणी सांगत बसत नाही. तमाशातल्या गवळणीत तर एक आख्खी मावशीच वाढवली आहे. भागवतात शोधून सापडणार नाही अशी ती मावशी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या पुढे चालते आणि पेंद्याला शब्दात पकडते. वाचकाच्या ओळखीवर उभं राहणं हा साहित्याचा एक जुना, मान्य मार्ग आहे. आणि पेटुनियाच्या कथेपुरतं बोलायचं तर आमच्या ज्या सहकाऱ्यांनी ती बाद केली, त्यांनी हॅरी पॉटर वाचलेलं नाही. बैठक संपल्यावर चहा पिताना त्यांनी मला विचारलं, ‘मग त्या पोराला घेतलं का हो तिनं आत?’

राहता राहिला दर्जाचा मुद्दा, की यातलं बहुतेक लेखन वाईट असतं. असतं. सुरुवातीच्या मराठी अद्भुत कादंबऱ्यांचा ढीग आज कोण वाचतं? तरी ती कादंबरीच होती, आणि वाईट अभंग हाही अभंगच असतो. इथे काही भली माणसं फॅनफिक्शनची बाजू घेताना म्हणतात, लिहू द्या, सराव होतो, पुढे स्वतंत्र लिहितील. दाखल्याला हरिभाऊ आपटेही देता येतील. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीच्या आधारानं उभी राहिली होती, आणि पुढे त्याच हातानं ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली. दाखला खरा आहे, पण हा बचाव मला नको. जन्मभर दुसऱ्याच्याच गोष्टी सांगणाऱ्या कीर्तनकाराला आपण ‘सराव चाललाय’ म्हणतो का?

मग ही एवढी तुच्छता येते कुठून? मला वाटतं, ती लिहिणाऱ्यांकडे बघून येते. फॅनफिक्शन लिहिणाऱ्यांत मोठा भरणा मुलींचा आणि बायकांचा आहे. १९६७ साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ हे घरगुती नियतकालिक काढलं, तेही बायकांनीच. २००९ साली खुला झालेला या लेखनाचा इंटरनेटवरचा मोठा संग्रह, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, उभारण्यातही बायकाच पुढे होत्या. त्याच्या संस्थापकांतल्या नओमी नोविक या स्वतः नावाजलेल्या कादंबरीकार आहेत. २०१९ साली त्या संग्रहाला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला तेव्हाही कपाळाला आठ्या घालणारे कमी नव्हते. पोरी काहीतरी खरडतात, हा सूर आपल्या ओळखीचा आहे. जात्यावरच्या ओव्यांनाही पिढ्यानपिढ्या हाच सूर ऐकावा लागला.

त्या ओव्यांत बायकांनी रामायणाचं काय केलं ते बघा. सीतेला वनात सोडून लक्ष्मण परत फिरतो, ती रडते, आणि तिची समजूत काढायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. वाल्मीकीत हे नाही. काटेरी, कुणाला नको असलेली, बांधावरची झाडं सीतेच्या मैत्रिणी झाली, कारण गाणारीला माहेरवाटेवर तीच भेटत होती. आणि मग ती ओवी :

राम म्हणू राम, नाही सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

ग्रंथातल्या कुणाला न देता आलेला निकाल दळता दळता कुणा बाईनं देऊन टाकला. गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा लाखभराहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यांतली सीता कुणाची? वाल्मीकीची म्हणाल तर वाल्मीकीनं तिला बोरी-बाभळी दिल्या नव्हत्या. मूळ ग्रंथाला ज्या बाईसाठी वेळ नव्हता तिच्यापाशी जाऊन बसणं, हे काम ती दळणारी करत होती. पेटुनियाच्या किंचाळीपाशी थांबलेली आमची विद्यार्थिनी तेच करत होती. रोलिंगबाईंना पुढे जायचं होतं, त्यांना हॅरीची गोष्ट सांगायची होती. दारात उभ्या असलेल्या बाईसाठी थांबायला वाचकालाच सवड होती.

म्हणून मला पुन्हा त्या नियमातल्या दोन शब्दांकडे यायचं आहे. महानुभावांची एक आठवण आहे. नरेंद्र कवीनं १२९२च्या सुमारास ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. ते ऐकून रामदेवराव यादव इतका मोहून गेला, की ओवीमागे सोनं घे आणि काव्यावर माझी नाममुद्रा घाल, असं त्यानं कवीला सांगितलं. नरेंद्रानं नकार दिला. आमच्या कविकुळाला बोल लागेल, म्हणाला. रुक्मिणी नरेंद्राची नव्हती, कृष्ण त्याचा नव्हता, कथानक भागवतातलं होतं. ‘स्वतंत्र’ म्हणावं असं त्या काव्याच्या सांगाड्यात फारसं काही नव्हतं. तरी ओवी त्याची होती आणि ती कुणाच्या नावावर करायला तो राजासमोरही तयार झाला नाही. ‘स्वलिखित’ या शब्दाचा एवढा नेमका अर्थ मला दुसरीकडे सापडलेला नाही.

आज ज्याची खरी राखण करायला हवी तो शब्द हाच आहे. दुसऱ्याची वाक्यं आपल्या नावावर खपवणं ही चोरी आहे आणि तिला स्पर्धेत, अभ्यासात, छापील पानावर कुठेच जागा नसावी. मात्र दुसऱ्याचं पात्र उघडपणे, नाव सांगून, स्वतःच्या वाक्यांत जगवणं हा गुन्हा नाही. मी त्या स्पर्धेच्या आयोजकांना पत्र लिहिलं आहे. नियमातून ‘स्वतंत्र’ हा शब्द काढावा, ‘स्वलिखित’ ठळक अक्षरांत ठेवावा आणि खाली एक ओळ वाढवावी : ‘कथा पूर्वीच्या एखाद्या साहित्यकृतीवर आधारलेली असल्यास मूळ कृतीचा व लेखकाचा उल्लेख पहिल्या पानावर करावा.’ सोबत त्या मुलीच्या कथेचं पहिलं पान जोडलं आहे. तिनं हा उल्लेख कुणी न सांगताच केला होता.